ह्यूमन लीगची वाटणी

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डचा ह्यूमन लीग हा बँड फुटला तेव्हा त्यांच्या युरोप टूरला जेमतेम पंधरवडा उरला होता. आणि फुटला तो कसा, तर ज्या दोघांना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथ, वाजवता यायचा ते दोघं बाहेर, आणि मागे उरले कोण, तर एक गायक आणि एक स्लाइड दाखवणारा. खरंच सांगतेय. बँडचा चौथा मेंबर एड्रियन राइट, तो तेव्हा स्टेजवर काही वाजवायचा नाही, मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने चित्रं टाकायचा, सायन्स फिक्शन, जुन्या टीव्ही मालिका असलं काय काय, आणि त्याचं पद होतं डायरेक्टर ऑफ व्हिज्युअल्स. बँडमध्ये यायच्या आधी हा माणूस आइस्क्रीमच्या गाडीवर आइस्क्रीम विकायचा.

आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा कधी कधी एकाच्या वाट्याला वाडा येतो पण वाड्यावरचं कर्जही त्याच्याच डोक्यावर बसतं, आणि दुसरा बैलजोडी घेऊन निघून जातो, तसं काहीसं झालं हे. फिलिप ओकी आणि राइट यांना बँडचं नाव मिळालं, आणि नावाबरोबर व्हर्जिन रेकॉर्ड्सचं देणं आणि टूर पूर्ण करायची जबाबदारीही, नाही केली तर प्रमोटर कोर्टात खेचणार. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श, म्हणजे ज्यांनी मुळात हे सगळं सुरू केलं ते दोघं, नाव सोडून निघाले, त्या बदल्यात त्यांना ह्यूमन लीगच्या पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतला १ टक्का. त्या घडीला कुणालाही वाटलं असतं की ही तोंडाला पानं पुसली. ज्या बँडमध्ये वाजवणारं कुणी उरलं नाही त्याच्या पुढच्या अल्बमचा १ टक्का म्हणजे शून्याचा १ टक्का.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, निदान ज्यांना ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी माहिती आहेत त्यांना. तरी मला ही गोष्ट परत सांगायचीय, कारण ती नेहमी एकाच साच्यात सांगितली जाते, की बिचाऱ्या ओकीला सगळे सोडून गेले आणि त्याने सगळ्यांना दाखवून दिलं. मला ती तशी वाटत नाही. मला त्यातलं भारी हे वाटतं की फुटल्यावर दोन्ही अर्ध्यांनी नेमकं तेच केलं जे एकत्र असताना दुसऱ्याने केलेलं त्यांना चाललं नसतं.

आधी थोडं शेफिल्डबद्दल. शिकायला म्हणून मी तिथे काही काळ राहिले, आणि त्या गावाचा पहिला गुण म्हणजे चढ. सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात, भाजी आणायला गेलं तरी पोटऱ्या भरून येतात. दुसरा गुण स्टील. स्टेनलेस स्टीलचा शोध १९१३ ला याच गावात हॅरी ब्रेअर्लीने लावला, काटे-चमचे-सुऱ्या सगळं इथलं, आणि गावाच्या पूर्वेला डॉन नदीच्या काठाने कारखानेच कारखाने. सत्तरच्या दशकात तिथे वाढलेले लोक सांगतात की रात्री अंथरुणात पडलं की लांबून ड्रॉप हॅमरचे ठोके ऐकू यायचे. वेअरही हे सांगतो, आणि समीक्षकांना हे वाक्य फार आवडतं, कारण मग 'यंत्रांच्या गावात यंत्रांचं संगीत' अशी आयती हेडलाइन मिळते. मला हे जरा सोपं वाटतं. ठोके काय, जमशेदपूरलाही पडत होते.

माझ्या मते त्यापेक्षा जास्त फरक पडला तो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, पैशाने. मीटव्हिसल नावाचा एक प्रकार होता, गावातल्या पोरांसाठी कौन्सिलने चालवलेलं नाटक-कला केंद्र. एक जुनी इमारत, त्यात या, हवं ते करा, नाटक करा, बँड काढा, वाद्यं पडलेली आहेत, कुणी ओरडणार नाही. वेअर, मार्श, ग्लेन ग्रेगरी ही सगळी पोरं तिथली. तिथे त्यांनी किती बँड काढले आणि किती मोडले याला सुमार नाही, त्यातल्या एकाचं नाव म्युझिकल व्हॉमिट, म्हणजे बघा. शिवाय साउथ यॉर्कशायरच्या कौन्सिलने बसचं भाडं इतकं कमी ठेवलं होतं की कामगारांची पोरंही संध्याकाळी खुशाल गावात हिंडायची. गावातलाच दुसरा बँड कॅबरे व्होल्टेअर, ते तर १९७३ पासूनच टेपचे तुकडे कापून चिकटवून आवाज काढत बसलेले. म्हणजे वातावरण तयार होतं.

वेअर आणि मार्श दोघेही कॉम्प्युटर ऑपरेटर. त्या काळी म्हणजे मोठाल्या खोलीत रात्रपाळी करायची आणि मशीनला टेप चढवायच्या, पण पगार बरा, त्यामुळे पैसे साठवून सिंथ घेता आला. वेअरने कॉर्गचा छोटा घेतला, मार्शकडे रोलँडची सिस्टिम १०० आली. १९७७ ला त्यांनी एडी न्यूटनला घेऊन द फ्युचर नावाचा बँड काढला, तो चालला नाही, न्यूटन गेला (त्याने पुढे क्लॉक डीव्हीए काढला), आणि आता गायक पाहिजे. पहिलं नाव डोक्यात होतं ग्लेन ग्रेगरीचं. पण ग्रेगरी तेव्हा फोटोग्राफर व्हायला लंडनला गेलेला. मग वेअरला शाळेतला दोस्त आठवला, फिलिप ओकी, हॉस्पिटलमध्ये पोर्टरचं काम करणारा, पेशंटची ट्रॉली ढकलणारा, गाणं कधी गायलेलं नाही पण दिसायला असा की गावात सगळे वळून बघायचे, केस एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला पार खांद्यापर्यंत. वेअर त्याच्या घरी गेला, तो घरी नव्हता, म्हणून दारावर चिठ्ठी लावून आला की आमच्या बँडमध्ये येतोस का. गाता येतं का बघायच्या आधी तो स्टार दिसतो का बघितलं, हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच सगळं बिनसणार आहे.

नाव एका सायन्स फिक्शन बोर्डगेममधून उचललं. त्या खेळात ह्यूमन लीग नावाची एक सत्ता असते, झालं.

पहिलं गाणं आलं जून १९७८ ला, बीइंग बॉइल्ड, एडिनबर्गच्या फास्ट प्रॉडक्ट नावाच्या छोट्या लेबलवर. ते चालवणारा बॉब लास्ट पुढे त्यांचा मॅनेजर झाला. रेकॉर्डिंग एका ओसाड पडलेल्या वर्कशॉपमध्ये, घरगुती टेपरेकॉर्डरवर, खर्च म्हणे अडीच पौंड. हे गाणं हेडफोनवर ऐका. खाली एक जाडजूड बेस सरकत राहतो, फंकच्या चालीचा, पण वाजवतंय मशीन, त्यामुळे तो कुठेही सैल पडत नाही, आणि ढोल म्हणावा असा जो आवाज आहे तो मुळात ढोलाचा नाहीच, सिस्टिम १०० मधल्या नुसत्या खरखरीला कापून केलेला फटका आहे. त्यावर ओकीचा तो खर्जातला, जराही न हलणारा आवाज. आणि तो आवाज सांगतोय काय, तर बुद्धाचं ऐका, रेशमाची शेती थांबवा.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय. शेफिल्डचा हॉस्पिटलातला पोर्टर, एका बाजूचे केस लांब, आणि विषय काय तर रेशमाचे किडे उकळून मारतात हा! ओकीने नंतर सांगितलं की त्याची बौद्ध धर्म आणि हिंदू धर्म यात गल्लत झाली होती, आणि इंग्रज समीक्षक तेवढ्यावर हसून पुढे जातात. पण थांबा ना जरा. विनयपिटकात भिक्षूंसाठी नियमच आहे की रेशीम मिसळलेलं आसन करून घ्यायचं नाही, आणि त्यामागची कथा अशी की काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले आमच्यासाठी भरपूर किडे उकळा, तर लोकांनाच ते खटकलं, की आम्ही पोटासाठी हे पाप करतो, तुम्हाला काय गरज. म्हणजे गल्लत करून का होईना पोरगा बरोबर जागी पोचला होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवर वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे गाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, हा तर आपला माणूस," आणि दुसऱ्याच मिनिटाला, "पण तू दसऱ्याला येवल्याची पैठणी नेसणार आहेस ना?" नेसणार होते. नेसले.

असो. पंक जोरात असताना गिटार नाही, ड्रमर नाही, स्टेजवर मधोमध टेपरेकॉर्डर, ही गोष्ट लोकांना पचायची नव्हती. सेक्स पिस्टल्समधून नुकताच बाहेर पडलेल्या जॉन लायडनने त्यांना ट्रेंडी हिप्पी म्हणून निकालात काढलं. रेझिलोज नावाच्या एडिनबर्गच्या बँडबरोबर त्यांनी शो केले, आणि समोरच्या पब्लिकची इतकी धास्ती की वेअर-मार्शने सिंथच्या पुढे लावायला फायबरग्लासच्या ढाली बनवल्या, दंगलीत पोलीस घेतात तशा. त्या रेझिलोजचा गिटारवाला होता जो कॅलिस. हेही नाव लक्षात ठेवा.

इथे मला माझा मामा आठवतो. तो सांगलीकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, लग्नं, गणपती, उरूस, सगळीकडे. कीबोर्डात तयार ताल आले तेव्हा मालकाने हिशोब केला आणि ढोलकीवाल्या काकांना 'गरज लागली तर कळवतो' असं सांगितलं. ते काका मामाला भेटले की हसत हसत म्हणायचे, "तुझ्या डब्यानं माझी बिदागी खाल्ली बघ." हसत म्हणायचे पण खोटं नव्हतं ना ते. इंग्लंडमध्ये १९८२ ला म्युझिशियन्स युनियनच्या लंडनमधल्या शाखेने सिंथ आणि ड्रम मशीनवर बंदी घाला म्हणून ठरावच केला होता. लोक आता त्या ठरावाला हसतात. मला हसू येत नाही. ज्याच्या पोटावर येतं तो ठराव करणारच. पण शेफिल्डच्या पोरांच्या बाबतीत एक फरक होता, त्यांनी कुणा ड्रमरला काढलं नव्हतं. त्यांना मुळात ड्रम वाजवता येतच नव्हते, आणि सिंथ होता म्हणूनच ते संगीतात आले.

वर चढणं मात्र झपाट्याने झालं. १९७८ च्या डिसेंबरमध्ये लंडनला नॅशव्हिल नावाच्या पबमधल्या त्यांच्या शोला डेव्हिड बोवी येऊन बसला, आणि नंतर त्याने पेपरात सांगितलं की आपण पॉप संगीताचं भविष्य बघून आलो. १९७९ ला व्हर्जिनने साइन केलं. इगी पॉपबरोबर टूर झाली. टॉकिंग हेड्सबरोबर टूर मिळाली होती, तर या पठ्ठ्यांनी आयडिया काढली की शो पूर्ण ऑटोमॅटिक करायचा, टेप आणि स्लाइड आपोआप चालतील आणि आम्ही प्रेक्षकांत उभे राहून बघू. टूरमधून नाव कट. मला ही आयडिया आजही जबरदस्त वाटते, आणि ती कट करणारेही बरोबरच वाटतात.

पण रेकॉर्ड खपेनात. रिप्रॉडक्शन हा पहिला अल्बम आपटला. त्याच वर्षी गॅरी न्यूमन नावाचा लंडनकडचा मुलगा सिंथ घेऊन येतो काय आणि नंबर १ ला जाऊन बसतो काय. ज्यांनी ढाली लावून शो केले ते बघतच राहिले. १९८० चा दुसरा अल्बम ट्रॅव्हलॉग १६ नंबरपर्यंत गेला, वाईट नाही, पण व्हर्जिनने ओतलेला पैसा त्यातून निघणारा नव्हता. बाहेर गावाची हालत बघा, त्या वर्षाच्या सुरुवातीला स्टील कामगारांचा तीन महिने देशभर संप झाला, आणि संपानंतर कारखाने एकामागून एक बंद. हातात दुसरं काही नाही, बँडवर कर्ज, आणि चौघांत दोघे असे जे लहानपणापासूनचे दोस्त आणि दोघांनाही बँड आपला वाटतो.

भांडण कशावरून? वरवर बघितलं तर संगीतावरून, वेअरला प्रयोग, ओकीला पॉप. पण हे अर्धंच खरं. वेअरलाही पॉपच आवडायचं, डिस्को आणि सोल तर त्याचा जीव की प्राण. खरा प्रश्न होता की बँड म्हणजे कोण. मशीनपुढे बसून आवाज घडवणारा म्हणेल बँड म्हणजे मी, आणि ज्याच्या चेहऱ्याचा फोटो मासिकांत छापून येतो तो म्हणेल लोक मला बघायला येतात. दोघांचंही बरोबर. आणि त्या चेहऱ्याला दारावर चिठ्ठी लावून आणलं होतं कुणी, तर मशीनवाल्यानेच! वेअर आजतागायत सांगतो की आपल्याला आपल्याच बँडमधून काढलं, आणि त्यात मॅनेजरचा हात होता, कारण एका न खपणाऱ्या बँडचे दोन बँड झाले तर मॅनेजर आणि कंपनी दोघांनाही दोन दोन डाव खेळायला मिळतात. मला हे पटतं. मुलाखती वाचल्या की सगळेच आपापल्या सोयीचं सांगतात, पण फुटल्यावर बॉब लास्ट दोन्हीकडे हजर होता आणि व्हर्जिनने दोघांनाही ठेवून घेतलं, हे काही आपोआप होत नसतं.

आता ओकीकडे नाव, टूर, आणि एक स्लाइडवाला. एका रात्री तो गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या क्रेझी डेझी नावाच्या क्लबमध्ये गेला. तिथे दोन मुली नाचत होत्या, सुझन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल, एक १७ ची, एक १८ ची, दोघी अजून शाळेत. त्या बाकीच्यांसारख्या नाचत नव्हत्या, स्वतःच्याच तंद्रीत, हात काहीतरी विचित्र हलवत. ओकीने सरळ जाऊन विचारलं टूरला येता का, नाचायला आणि थोडं गायला. गंमत म्हणजे दोघींकडे त्याच टूरच्या डॉनकास्टरच्या शोची तिकिटं आधीच काढलेली होती. मग आईवडिलांची समजूत. विचार करा, तुमच्या बारावीतल्या मुलीला एका बाजूचे केस लांब असलेला, लिपस्टिक लावणारा माणूस विचारायला आलाय की हिला महिनाभर युरोपला घेऊन जाऊ का! वडिलांनी भेटून खात्री करून घेतली, शाळेनेही परवानगी दिली, आणि पोरी निघाल्या. वाजवायला इयन बर्डन नावाचा एक गाववाला घाईघाईने पकडला.

पेपरवाल्यांनी फार टर उडवली. ओकी आणि त्याच्या नाचणाऱ्या पोरी. जुन्या लाइनअपचे फॅन शोमध्ये दोघींच्या अंगावर डबे फेकायचे. मला हा भाग वाचताना नेहमी राग येतो, कारण टिंगल करणारे हेच लोक जे वर्षभर आधी सांगत होते की सिंथमुळे संगीत लोकशाहीवादी झालं, आता कुणीही येऊन करू शकतं. मग आल्या ना कुणीही! शाळकरी मुली आल्या, ट्रेनिंग नाही, आवाज थोडा कच्चा, सुरात कधी थोडा खाली, अगदी रस्त्यावरच्या मुलींसारखा. तेव्हा मात्र लोकशाही कुठे गेली कुणास ठाऊक.

आणि सुरुवातीला तरी दोन्ही पार्ट्या गाव सोडून कुठे गेल्या नाहीत. शेफिल्डमध्ये दोघांचा स्टुडिओ एकच, मग पाळ्या लावल्या. एका पाळीत ह्यूमन लीग, दुसऱ्या पाळीत वेअर-मार्श. कारखान्यांच्या गावात निदान पाळ्यांची सवय तरी होती. एकमेकांशी बोलणं बंद, पण एकाचा चहाचा कप दुसऱ्याला विसळावा लागत असणार.

वेअर-मार्शने ब्रिटिश इलेक्ट्रिक फाउंडेशन नावाची कंपनी काढली, बँड नाही, कंपनी, सूट-टाय वगैरे, आणि तिच्याखाली हेवन १७ हा बँड. गायक? ग्लेन ग्रेगरी, तोच, जो १९७७ ला लंडनला गेला होता. आणि ज्यांनी गिटार न घेण्याची शपथच घेतली होती त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर एक सतरा वर्षांचा पोरगा शोधला, जॉन विल्सन, गावातल्या क्रुसिबल थिएटरमध्ये स्टेजवर काम करणारा, आणि त्याच्याकडून बेस गिटार वाजवून घेतली. त्यांचा पहिला अल्बम पेंटहाउस अँड पेव्हमेंट, सप्टेंबर १९८१. त्याची ए बाजू म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत फंक आहे, विल्सनचा बेस असा उड्या मारतो की सिंथ मागे पडतात. म्हणजे वेअरला इतकी वर्षं हे करायचं होतं आणि ह्यूमन लीग असताना ते करता येत नव्हतं.

दुसरीकडे ओकी. बर्डनही आता बँडमध्येच घेतला होता. त्यात जो कॅलिस आणला, रेझिलोजचा तो गिटारवाला, आणि त्याला सांगितलं गिटार बाजूला ठेव, सिंथ शिक. राइटला स्लाइडवरून उठवून कीबोर्डवर बसवला. व्हर्जिनने प्रोड्युसर दिला मार्टिन रशेंट, ज्याने आधी बझकॉक्स आणि स्ट्रँगलर्स असे पक्के गिटारवाले बँड केले होते आणि आता तो मशीनच्या नादी लागलेला. त्याच्याकडे लिन एलएम-१ हे ड्रम मशीन होतं, खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज असलेलं, किंमत ५ हजार डॉलरच्या आसपास, जगात जेमतेम ५०० बनली. आणि रोलँडचा एमसी-८, ज्यात सूर आकड्यांनी टाइप करायचे, कॅल्क्युलेटरसारख्या बटणांनी, अमुक सूर, इतका वेळ, इतका जोर. कंटाळवाणं काम, पण त्यासाठी बोटं तयार असावी लागत नाहीत. ज्या बँडमध्ये वाजवणारे कमी त्यांच्यासाठी हे देवासारखं धावून आलं.

त्यातून जो डेअर हा अल्बम निघाला, ऑक्टोबर १९८१, त्यात एक गिटार नाही. म्हणजे प्रयोगवाले बेस गिटार घेऊन नाचायला लागले आणि पॉपवाल्याने वेअरच्या जुन्या नियमांत चोख बसणारा अल्बम केला, शंभर टक्के मशीनचा. वेगळे झाले नसते तर दोघांपैकी एकाची तरी हिंमत झाली असती का, मला नाही वाटत. एकत्र होते तोवर एकाने एक पाऊल टाकलं की दुसरा म्हणणार हे आपलं नाही.

डोन्ट यू वॉन्ट मी ची गोष्ट तर सगळे सांगतात. कल्पना ओकीला मुलींच्या मासिकातल्या एका फोटोकथेवरून सुचली, मुळात एकट्या पुरुषाचं गाणं, मग त्याने ठरवलं की मुलीलाही तिची बाजू मांडू दे, आणि ती बाजू आली सुझन सलीकडे. कॅलिस आणि रशेंटने त्याचं जे मिक्स केलं ते ओकीला इतकं गुळगुळीत वाटलं की त्याने गाणं अल्बमच्या अगदी शेवटी टाकलं, तिथे कोण ऐकतंय म्हणून. व्हर्जिनच्या सायमन ड्रेपरने सिंगल काढायचं म्हटल्यावर त्याने आकांडतांडव केलं. ऐकलं नाही कुणी. पाच आठवडे नंबर १, १९८१ च्या ख्रिसमसचा नंबर १, ब्रिटनमध्ये १५ लाखांवर प्रती, आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतही पहिला. मला स्वतःला त्यात आवडतो तो दुसरा कडवा, जिथे सली येते. पहिल्या कडव्यात तो ऐकवून घेतो की तुला मी घडवलं, आणि ही फार काही तारसप्तक न गाठता, शेजारच्या मुलीच्या आवाजात सांगते की हो, मी वेट्रेस होते, खरंय, पण तुझ्यावाचूनही मी पुढे गेलेच असते. क्लबमध्ये शोधून आणलेल्या मुलीच्या तोंडी हे घालताना ओकीला काही वाटलं का, आणि ऐकताना वेअरला काही वाटलं का, की ज्याला मी घडवलं तो... जाऊ दे.

त्याच जानेवारीत, म्हणजे १९८२ ला, जुन्या लाइनअपचं बीइंग बॉइल्ड पुन्हा बाजारात आणलं गेलं आणि ६ नंबरवर गेलं. ज्या नावातून बाहेर काढलं त्याच नावाने वेअर आणि मार्श टॉप टेनमध्ये. शिवाय तो १ टक्का, तो आता शून्याचा राहिला नव्हता.

वेअरचं काही अडलं नाही. हेवन १७ चं टेम्प्टेशन १९८३ ला २ नंबरवर गेलं, त्याच वर्षी त्याने टिना टर्नरचं एक सिंगल प्रोड्यूस केलं, जेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं, आणि तिथून ती परत वर आली. हेवन १७ मात्र ऐंशीच्या दशकात टूरला असे निघालेच नाहीत, थेट १९९७ ला. ओकीची ह्यूमन लीग १९८६ ला अमेरिकेत पुन्हा एकदा नंबर १ ला गेली, मग पडली, मग उठली, आणि आता तिघंच आहेत, ओकी आणि त्या दोघी. ज्यांना महिनाभरासाठी नाचायला नेलं होतं त्या चार दशकांनंतरही स्टेजवर आहेत, आणि ढाली बनवणाऱ्यांपैकी मार्शने तर कधीचंच हे सगळं सोडून दिलंय.

२०२१ ला हेवन १७ ने शेफिल्ड सिटी हॉलमध्ये ह्यूमन लीगचे पहिले दोन अल्बम वाजवले. वेअर कीबोर्डवर, मागे पडद्यावर चित्रं, आणि ओकीच्या ओळी म्हणायला ग्लेन ग्रेगरी, ज्याच्यासाठी ती जागा मुळात ठेवलेली होती. ओकीची लीगही आपल्या शोमध्ये बीइंग बॉइल्ड वाजवते. यूट्यूबवर दोन्ही सापडतात. ग्रेगरी जास्त चांगला गातो, आणि मी दर वेळी ओकीचंच लावते.